कोपरावरचं हेल्मेट

"हेल्मेट सुंदर आहे हो मॅडम. एकच शंका... तुमचं डोकं कोपरात असतं का?"

शिट्टी ऐकून मी स्कूटर कडेला घेतली होती. आभाळ सकाळपासून खाली वाकलेलं. पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. समोर चौकातला हवालदार. वर्दीवर रेनकोट, टोपीच्या टोकाला लटकलेला एक थेंब, आणि डोळे असे बारीक केलेले, जणू मी दोन हातांवर नाही, पार रस्त्याच्या पलीकडे उभी आहे.

"डोकं जागेवर आहे माझं," मी हळूच म्हटलं.

"मग यालाही जागेवर बसवा."

"नाही बसवणार."

त्याचा हात पावतीच्या पुस्तकावर थबकला. चौकात अडवलेली माणसं रडतात, भांडतात, कुणा मामाला फोन लावतात. इतक्या हळू आवाजात 'नाही' म्हणणारं बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं.

"केस विस्कटतात?"

"नाही."

"घट्ट होतं?"

"सैल होतं."

त्यानं पावती फाडून हातात दिली. "मी कुणालाच सोडत नाही, मॅडम. उद्या हा कोपर पुन्हा दिसला तर..."

"दिसेल," मी म्हटलं. "माझी वाट हीच आहे."

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडेच उतरले. स्कूटर बंद केली आणि ढकलत चौकात शिरले. हेल्मेट कोपरावर.

"हे काय नवीन?"

"चालतेय."

"गाडी घेऊन?"

"चालणाऱ्याला हेल्मेट लागतं असं कुठे लिहिलंय का, साहेब?"

त्यानं पावतीचं पुस्तक मिटलं. "कायद्याचा अभ्यास दांडगा आहे तुमचा," एवढंच म्हणाला. पण मिशीच्या आड काहीतरी हललं खरं.

मग तो रोजचाच नेम झाला. चौकाच्या पुढे चढ आहे. पाचव्या दिवशी त्या चढावर स्कूटर एकदम हलकी झाली. मागे वळून पाहिलं, तर साहेब दोन्ही हातांनी ढकलत होते.

"अहो, लोक बघतायत!"

"बघू देत. बंद पडलेल्या वाहनाला मदत करणं माझं कामच आहे."

"बंद कुठे पडलीय?"

"मग कोण बंद पडलंय?" तो धापा टाकत म्हणाला. "तुम्ही?"

थट्टाच होती ती. पण मला पुढचा रस्ता दिसेनासा झाला.

बंदच पडले होते मी. दहा महिने झाले होते. ते हेल्मेट माझ्या धाकट्या भावाचं. त्या दिवशी त्याच्या आतल्या अस्तराला घामाचा वास येतो म्हणून मीच ते साबणाच्या पाण्यात धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. "ताई, ओलं आहे गं अजून," म्हणत तो तसाच मोटारसायकलला लाथ मारून निघाला. मी पोळ्या लाटत होते. "सावकाश जा," एवढंच म्हटलं. तो परत आला नाही. हेल्मेट संध्याकाळपर्यंत छान वाळलं होतं.

आई ते रोज निघताना माझ्या हातात देते. तिच्यासमोर नाही म्हणवत नाही. मी घेते आणि जिना उतरला की कोपरावर अडकवते. देवापुढे दिवा लावताना मी मनाशी ठरवलं होतं, वर्षभर हे डोक्यावर घालायचं नाही. तो उघड्या डोक्यानं गेला, तशीच मीही जाईन. त्याला मी व्रत म्हणत होते.

मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. एके दुपारी दाराची घंटा किणकिणली आणि दुकानाचे मालक, आमचे काका, आतूनच ओरडले, "अगं, पोलीस आलेत! कुणाला मारलंस?"

"मारलं नाही अजून," साहेब टोपी काढत म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना टोपीशिवाय पाहत होते. केस ओले, कपाळावर टोपीचा लाल वळ. "लांबचे नंबर वाचता येत नाहीत हल्ली. म्हटलं, ओळखीच्या कोपराकडे जावं."

काकांनी खोकल्याचं सोंग केलं. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. दिवा मालवला. पलीकडच्या भिंतीवर तेवढा अक्षरांचा तक्ता उजळलेला. त्यांच्या नाकावर तपासणीची जड चौकट बसवताना माझी बोटं त्यांच्या कानाला लागली. कान गरम होते.

"चौथी ओळ?"

"तिथे एक मुलगी आहे. माझ्याकडे बघून हसत नाही."

"तक्त्याकडे बघा."

"तिथलं धूसर दिसतंय. इथलं स्पष्ट."

मी काच बदलली. अंधार होता ते बरं. नाहीतर माझे गाल त्यांना चष्म्याशिवायही दिसले असते.

"एक विचारू?" मी म्हटलं. "कुणालाच सोडत नाही म्हणता. इतकं कडक का वागायचं?"

त्यांनी नाकावरची चौकट सरळ केली. बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं.

"एकाला सोडलं होतं," ते म्हणाले. "दहा महिन्यांपूर्वी. हेल्मेट नव्हतं. म्हणाला, ताईनं धुतलंय साहेब, ओलं आहे. असं हसला की... मलाही हसू आलं. म्हटलं, जा. पुढच्याच वळणावर ट्रकनं..." चौकटीच्या आड त्यांचे डोळे मिटलेले होते. "पावती फाडायला दहा मिनिटं लागली असती. दहा मिनिटांत तो ट्रक निघून गेला असता. त्याच्या घराच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो. आई आहे, बहीण आहे म्हणतात. बेल वाजवायला हात उठला नाही."

माझ्या हातातली काच खाली पडली. फुटली नाही. गोल गोल फिरत राहिली, आणि तो आवाज थांबेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

कारण त्या दिवशी धाकट्याचा मला फोन आला होता. "ताई, अडवलं होतं गं. पण हवालदार देवमाणूस निघाला, सोडलं! निघतोच आता!" कुठल्या चौकात ते मी विचारलं नाही. पोळपाटापुढेच पिठाळ हात जोडले होते, त्या न पाहिलेल्या माणसासाठी.

"चष्मा आठवड्यानं मिळेल," मी म्हटलं. काच उचलून पेटीत ठेवली.

आठ दिवस मी लांबच्या रस्त्यानं गेले. चष्मा तयार होऊन डबीत पडून होता. "तुझा पोलीस आला नाही गं," काका म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून डबी आत ठेवायला गेले. साहेबांचा राग येईल अशी मी वाट पाहत होते. राग येतच नव्हता. मी धुतलं, त्यांनी सोडलं. दोघांनी मायेनंच केलं होतं. मग कुणावर रागवायचं?

नवव्या दिवशी सकाळी आई हेल्मेट पुसत बसली होती. बोट आत घालून अस्तर चाचपत ती म्हणाली, "दहा महिने झाले. आत तुझा एक केस सापडला नाही मला."

मी वाकून चप्पल शोधत राहिले.

"बोलले नाही मी. वाटलं, आज घालशील, उद्या घालशील." तिनं ते माझ्यापुढे धरलं. "माझ्याजवळ आता एकच डोकं उरलंय गं."

मी देवापुढे गेले. दिवा अजून तेवत होता. व्रत मोडायची क्षमा मागायला हात जोडले, आणि कळलं की हे देवानं मागितलेलंच नव्हतं. माझी मीच शिक्षा काढली होती आणि त्यावर त्याचं नाव घातलं होतं.

चौकात तशीच भुरभुर होती. मी पट्ट्याच्या अलीकडे उतरले. साहेबांनी डोळे बारीक केले, आणि ओळख पटताच हातातली शिट्टी खाली गेली.

"वाट बदललीत?"

"बदलली होती." मी डबी पुढे केली. "घाला आधी. मग माझ्याकडे बघा."

त्यांनी चष्मा घातला. काचांवर लगेच थेंब जमले.

"ते हेल्मेट हेच," मी म्हटलं. "धुणारी मी."

त्यांनी हेल्मेटकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, वाजवतच होतं. टोपी काढून ते पावसात तसेच उभे राहिले, दोन्ही हातांत ती धरून.

"माफी मागू नका," मी म्हटलं. "मलाही मग कुणाकडे तरी मागावी लागेल, आणि तो आता नाही. त्यानं फोन केला होता, तुम्ही सोडल्यावर. हवालदार देवमाणूस निघाला म्हणाला. त्याचं शेवटचं बोलणं ते. तुमचं आहे, तुमच्याकडे असू द्या."

चष्म्याआडचे डोळे भरून आले. पावसानं की कशानं, ते मी तपासलं नाही.

मी हेल्मेट डोक्यावर चढवलं. सैलच ते. एका बाजूला कललं. पट्टा मला काही केल्या लागेना. मग ते पुढे आले. हनुवटीखाली गार बोटं लागली, पट्टा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा टक्कन बसला.

"ढकलू?" त्यांनी विचारलं.

"आज नको. आज चालवत जाते."

त्यांनी टोपी घातली. चौकाच्या मधोमध जाऊन हात वर केला आणि चारही रस्ते थांबवले. एकट्या माझ्यासाठी. मी त्यांच्याजवळून जाताना वेग कमी केला.

"संध्याकाळी याच रस्त्यानं येणार आहे," मी म्हटलं. "अडवाल ना?"

उत्तर ऐकू आलं नाही. हेल्मेटच्या आत आपलाच श्वास फार मोठा वाजतो. साबणाचा वास अजून होता. चढावर मी रडले, काचेच्या आत, कुणाला न दिसता. आणि आरशात पाहिलं, तर चारही रस्ते अजून थांबलेलेच होते.