चित्तेवाल्यांचा शुक्रवार

खुलताबादच्या कमरोद्दीन चित्तेवाल्यांनी उभ्या आयुष्यात एकही चित्ता पाहिला नव्हता. त्यांच्या वडिलांनीही नाही. खापरपणजोबा म्हणे कुण्या नवाबाच्या पदरी शिकारीचे चित्ते सांभाळायचे. चित्ते गेले, नवाबी गेली, आडनाव तेवढं रेशनकार्डावर उरलं. पुढं देशातून पार नाहीसा झालेला हा प्राणी आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशात, कुनोच्या जंगलात सोडला, तिथं त्याला पिल्लंही झाली, आणि नेमकं तेव्हाच कमरोद्दीन अब्बांच्या डोळ्यांना काचबिंदूनं गाठलं! कडेचं सगळं दिसेनासं झालं. खिडकीच्या फटीतून दिसावं तेवढं समोरचं उरलं. तेही वर्षभर टिकलं तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या मुलीनं, जाहेदानं, त्याच संध्याकाळी कंबर कसली. अब्बांना चित्ता दाखवायचा म्हणजे दाखवायचा! पुंडलिकनगरच्या शाळेत ती भूगोल शिकवायची आणि बेत आखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सचखंड एक्सप्रेसची तिकिटं, ग्वाल्हेरहून जीप, जंगलाच्या वेशीवरच्या गावात बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्याकडं मुक्काम, बुधवारी दोन आणि गुरुवारी दोन अशा चार सफारी. शाळेतली मैत्रीण दीपमाला कॅमेरा घेऊन सोबत निघाली.

"शुक्रवार मोकळा कशाला? तेव्हाची पण सफारी करू ना," दीपमाला म्हणाली.

"नाय बेटा," अब्बा म्हणाले. "जुम्म्याला चित्त्याला सुट्टी. आमच्या घराण्यात त्या दिवशी चित्त्याच्या मागं कुणी जात नव्हतं."

"अब्बा, हे चित्ते सरकारी आहेत!"

"मग त्यांना रविवारची पण द्या."

झालं! एवढी शिकलेली जाहेदा, पण बापाच्या शब्दापुढं तिचं काही चाललं नाही. शुक्रवार कोरा राहिला.

पुढं नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. जानेवारीच्या धुक्यात गाडी आठ तास रखडली आणि पहिली सफारी हुकली. दुसऱ्या सफारीला जीपच्या इंजिनचा पट्टा तुटला. गुरुवारी सकाळी धुकं एवढं दाट, की समोरचं बोनेट दिसेना. दुपारी ऊन पडलं. पिवळ्या गवताची लांबच लांब माळरानं, अधूनमधून खैर आणि धावड्याची झाडं, पाण्याकाठी चितळांचे कळप. सगळं होतं, फक्त चित्ता नव्हता. अब्बा डोळे ताणून समोर बघत राहिले आणि संध्याकाळी फाटकाबाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "जागा चांगली निवडली हं त्यांनी."

जाहेदाला भरून आलं. रागही आला, अब्बांचा आणि स्वतःचा. परतीची गाडी शुक्रवारी रात्रीची होती, आणि तोवर दिवसभर हातात काहीच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती सामान भरत होती, तेवढ्यात बद्रीनाथ धापा टाकत अंगणात आला.

"मास्टरनीजी! चीता! नाले के पार, खेत में!"

"अब्बा, चला!" जाहेदा ओरडली.

"आज जुम्मा..."

"आपण त्याच्या मागं गेलो नाही, अब्बा. तोच आलाय आपल्या दारात!"

अब्बांनी काठी उचलली. ते चप्पल शोधू लागले.

बद्रीनाथची जीप सुटली. नाल्यात उतरली आणि मधोमध वाळूत रुतली! चाकं फिरत होती, वाळू उडत होती, गाडी तसूभरही हलेना. चौघांनी उड्या मारल्या. पाणी पोटरीपर्यंत, बर्फासारखं गार. जाहेदानं अब्बांचा दंड धरला. पलीकडची दरड उभीच होती. बद्रीनाथनं वरून हात दिला, दीपमालानं खालून रेटलं. अब्बांचा पाय घसरला! बाभळीची फांदी हाताला आली म्हणून वाचले. तळहातात काटे घुसले.

"लई लागलं का, काका?" दीपमालानं विचारलं.

"काटे मागून काढू. चला!"

वर येऊन पाहतात तो बैलगाडीच्या वाटेवर चाळीस-पन्नास माणसं! हातात काठ्या, दगड. वाटेच्या एका बाजूला जंगल. दुसऱ्या बाजूला कापणी झालेलं शेत, त्याला लागून पिवळीधमक मोहरी. शेताच्या मध्यावर मादी चित्ता एका बकरीवर उभी होती. गळ्यात पट्टा, छाती धपापत होती. खात नव्हती, पळतही नव्हती. वनरक्षक एकटाच माणसांपुढं हात जोडत होता. "पीछे हटो भाई! इसके बच्चे सरसों में छुपे हैं। छोड़ के भाग गई तो मर जाएँगे!"

कुणी ऐकेना. बकरीची मालकीण केसरबाई विळा परजत सगळ्यांत पुढं होती. एक दगड भिरभिरत गेला आणि मादीच्या पायाशी पडला. ती दबली. फिस्कारली!

"अब्बा, तिकडं! थोडं उजवीकडं मान वळवा!" जाहेदानं त्यांचा खांदा धरून वळवायला घेतलं.

पण अब्बांनी मान वळवली नाही. त्यांनी काठीच्या आधारानं केसरबाई गाठली.

"बहन, बकरी तो गई। इसको भूखा भगाया तो कल दूसरी उठाएगी। आज खा लेने दो।"

"और हम क्या करें?"

"पीठ दो। हमारे घर का कायदा है। चीता खाता हो तो उसको आँख नहीं, पीठ देते हैं।"

आणि वाटेच्या कडेला, शेताकडं पाठ करून, ते मटकन खाली बसले.

जाहेदा त्यांच्यापुढं वाकली. "अब्बा, नऊशे किलोमीटर आलो आपण! एकदा बघा. एकदाच! नंतर मी कशी दाखवू तुम्हाला?"

"माझ्या बघण्यासाठी ती उपाशी राहावी व्हय गं?" अब्बा म्हणाले. त्यांनी शेजारची जागा थोपटली. "बस इथं."

ती बसली. तिलाही वळून बघावंसं वाटत होतं, पण बापाआधी बघायचं नाही, असं तिनं ठरवलं. दीपमालानं कॅमेरा पिशवीत टाकला आणि तीही बसली. केसरबाई क्षणभर घुटमळली. मग विळा बाजूला ठेवून म्हातारबाबांच्या शेजारी टेकली. बकरीवालीच बसल्यावर बाकीच्यांना काय तोंड राहिलं? एकेक करत अख्खी रांग जंगलाकडं तोंड करून बसली. वनरक्षक तोंडात बोटं घालून पाहत राहिला.

थोड्या वेळानं मागून एक बारीक आवाज आला, पाखरानं साद घालावी तसा. मोहरीतून तशीच उत्तरं आली.

"पिल्लांना बोलावतीये," अब्बा पुटपुटले.

हाडं मोडल्याचा कडकड आवाज येऊ लागला. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. पायांना मुंग्या आल्या, पण कुणी हललं नाही. मग आवाज थांबला. वाळलेली काटकी मोडली. जवळ! आणखी जवळ! जाहेदानं अब्बांची बाही धरली.

रांगेच्या टोकाला अब्बा बसले होते. त्यांच्यापासून दहा पावलांवरून ती वाटेवर आली. जंगलात जायचं तर तिला समोरूनच जावं लागणार होतं! सडपातळ, उंच, तोंड रक्तानं माखलेलं, डोळ्यांपासून ओठांपर्यंत काळ्या रेघा. अब्बांच्या त्या चिंचोळ्या खिडकीत ती बरोब्बर थांबली. क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि निघाली. मागून पिल्लू धावलं, पाठीवर राखाडी आयाळ उभारलेलं. त्याला लगटून दुसरं. गवत हललं आणि मिटलं.

अब्बांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही.

"जाहेदा, किती होते गं?"

"तीन, अब्बा. आई आणि दोन पिल्लं." ती त्यांच्याकडं वळली. "दिसले ना? सांगा ना, दिसले?"

"मला दोनच दिसले." अब्बा काठी टेकत उठले आणि गेल्या वर्षभरात हसले नव्हते तसे हसले. "एक राहिलं की! त्याच्यासाठी पुढल्या साली परत यावं लागंल."