तीन निसरड्या वाटा

एकच टायर. त्याने मला चिखलातून अलगद पार नेलं, आणि थोड्याच वेळाने त्यानेच मला कातळावर आपटलं. वाट दोन्ही ठिकाणी निसरडी होती. मग टायर एका ठिकाणी शहाणा आणि दुसऱ्या ठिकाणी वेडा कसा झाला?

हे कोडं मला पडलं तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि माझी आई चंद्रावर होती.

आज हे वाक्य ऐकून कुणी मान वर करत नाही. तुमच्या वर्गात अशी दोन-तीन मुलं तरी असतील. त्या काळी मात्र चंद्रावर मोजकीच माणसं राहत. आई भूवैज्ञानिक (जमिनीच्या पोटात काय दडलंय ते शोधणारी) होती, आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी कुंदामावशीकडे आंबेखोलला राहायचे. सह्याद्रीच्या कुशीतलं ते गाव. मावशी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. आईचा आवाज मला आठवड्यातून एकदा ऐकू यायचा, आणि उरलेले दिवस मी तो आठवून आठवून झिजवायचे. शेवटी शेवटी तर तो आईचा आवाज आहे की मीच मनात केलेली नक्कल, हेसुद्धा कळेनासं व्हायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आई चंद्राच्या पाठीमागे जाणार होती. चंद्र आपल्याला नेहमी एकच बाजू दाखवतो. पृथ्वीभोवती एक फेरी मारायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात तो स्वतःभोवती एकदा फिरतो, म्हणून त्याची पाठ आपल्याला कधीच दिसत नाही. तिथून निघालेल्या रेडिओलहरी (आवाज आणि चित्रं वाहून नेणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी) चंद्राचा एवढा मोठा गोळा भेदून येऊ शकत नाहीत. संदेश वळवून देणारा उपग्रह तेव्हा बिघडलेला होता. म्हणजे सहा महिने आईचा आवाज नाही.

निघण्याआधी घरच्यांशी एकदा बोलायला मिळणार होतं, येत्या रविवारी. पण खोऱ्यातला मनोरा वादळात कोसळला होता. जवळची चालू थाळी (आकाशाकडे तोंड केलेला मोठा अँटेना) होती ती वर सड्यावरच्या केंद्रात. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं माळरान. तिथला गाडीरस्ता दरडीखाली गेला होता. रानपाखरांसाठी राखलेलं रान म्हणून उडत्या गाड्यांना बंदी. उरली गुरांची जुनी पायवाट. रानाचं फाटक उजाडल्यावर उघडे. तेव्हा निघून चालत गेलं तर वर पोचेपर्यंत दिवस मावळायचा. सायकलने दुपारपर्यंत जमलं असतं.

म्हणून मी गावच्या सायकलखान्यात गेले. तो खटपट्या सांभाळायचा. खटपट्या म्हणजे यंत्रमानव, चार हातांचा, छतावरच्या रुळाला लटकून इकडून तिकडे सरकणारा. त्याला शहरात पुस्तकं वाचायला लावून शिकवलं होतं, त्यामुळे तो छापल्यासारखा बोलायचा.

"वाट कशी आहे, शलाकाताई?" त्याने विचारलं.

"निसरडी."

"निसरड्या वाटेसाठी उंच आणि विरळ गाठींचा टायर," असं म्हणून त्याने तो बसवलाही. टायरवर बाहेरच्या बाजूला रबराचे जे उंचवटे असतात, त्यांना आम्ही गाठी म्हणायचो. मग मावशीने पंप घेतला. आमच्या गावात सायकलवरून भाताची पोती वाहायची रीत होती. टायर अंगठ्याने दाबायचा, अंगठा जरासुद्धा रुतला नाही की म्हणायचं "टणक झाला", आणि मग पंप खाली ठेवायचा. टणक भरता येणं हा घरोघरचा अभिमान होता.

तशा टणक टायरवर मी सरावाला निघाले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. भातखाचरांच्या चिखलात सायकल मुंगळ्यासारखी चिकटून चालली. रानातल्या सावलीत, शेवाळलेल्या कातळावर, पुढचं चाक एकदम बाजूला गेलं आणि मी गुडघ्यावर आपटले. उठून आणखी वर गेले, तर शेवटच्या सुक्या चढावर मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरत राहिलं. मी रडत सायकलखान्यात परत आले.

"काय गं, शेणात पडलीस की शेवाळात?" मावशीने विचारलं.

"शेवाळात. आणि हसू नकोस."

"हसत नाही बाई. गुडघा दाखव."

खटपट्या रुळावरून सरकत जवळ आला. "वाट निसरडी आहे, असे आपण सांगितलेत. टायर निसरड्या वाटेचाच होता. चूक माझी नसावी."

"म्हणजे माझी?"

"चूक वाटेची असावी," तो नम्रपणे म्हणाला.

मावशी गुडघ्याला हळद लावता लावता थांबली. "अरे, वाटेची कशी? थांबा जरा. शले, निसरडी म्हणजे नक्की कशी होती?"

"कशी म्हणजे? पाय ठरत नव्हता."

"कशावर ठरत नव्हता?"

मी आठवून सांगू लागले. खाली चिखल. मध्ये शेवाळ. वर घसारा, म्हणजे कडक जमिनीवर सुट्या मुरमाचे खडे पसरलेले, मोहऱ्यांवर पाय दिल्यासारखे.

"तीन वेगळ्या गोष्टी आणि आपण तिन्हींना एकच नाव दिलं," मावशी म्हणाली. "निसरडी! पाय घसरला एवढंच आपल्याला कळलं. का घसरला ते कुणी विचारलंच नाही."

मग तिने ओट्यावर तांदळाचं पीठ पसरलं. मला सायकलवर बसवलं, चाक पिठावर टेकवून उचललं, आणि पिठात उमटलेला ठसा दाखवला. टणक टायरचा ठसा भोपळ्याच्या बीएवढा होता. तिने थोडी हवा सोडली. फुस्स! पुन्हा ठसा घेतला. आता तो आंब्याच्या कोवळ्या पानाएवढा पसरला होता.

"माझं वजन तर तेवढंच आहे," मी म्हणाले.

"तेवढंच. पण ते पेलतंय कोण? आतली हवा. तिचा दाब (हवा टायरच्या भिंतीला किती जोराने ढकलते ते) कमी झाला, तर तेच वजन पेलायला जास्त जागा लागणार. दाब निम्मा, तर ठसा साधारण दुप्पट. आता सांग, कातळ गुळगुळीत असतो का?"

"नाही. बारीक बारीक भोकं असतात. चाळणीसारखी."

"मऊ रबर पसरून त्या भोकांत शिरलं की पकड मिळते. तू गेलीस उंच गाठींवर, तीही टणक! कातळावर नुसती टोकं टेकली. उंच टाचांच्या चपला घालून ओल्या फरशीवर नाचायला गेलीस म्हण ना."

"मग चिखलात त्याच गाठी कशा चालल्या?"

खटपट्याला राहवेना. "चिखलाखाली घट्ट जमीन असते. उंच गाठी चिखल भेदून तिच्यापर्यंत पोचतात. विरळ असल्यामुळे मधला चिखल झटकला जातो. हे मला येत होते."

"येत होतं तर!" मावशी म्हणाली. "आणि घसाऱ्यावर?"

घसारा हा शब्द खटपट्याच्या पुस्तकात नव्हता. मीच म्हणाले, "तिथे खडे बाजूला सारून खालची जमीन धरणाऱ्या गाठी हव्यात. मध्यम उंचीच्या. आणि वळताना सायकल कलते तेव्हा टायरची कड टेकते, म्हणून कडेलाही दणकट गाठी हव्यात."

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की माझा गुडघा क्षणभर दुखायचा थांबला.

तेवढ्यात केंद्रातला एक माणूस डोंगर उतरून निरोप घेऊन आला. आईच्या तुकडीचं निघणं अलीकडे आलं होतं. बोलणं रविवारी नाही, उद्या दुपारी.

मला पुन्हा रडू फुटलं. "तिन्ही टायर घेऊन जाते. वाटेत बदलत जाईन."

"आणि तू बदलत बसशील तोवर आई चंद्रामागे," मावशी म्हणाली. तिने माझे डोळे पुसले, मग स्वतःचेही. आई तिची धाकटी बहीण होती. "सगळीकडे चालेल असा टायर नसतो, शले. कुठे उतरून चालायचं ते आधी ठरव. मग टायर निवड."

आम्ही वाट पुन्हा मनात चालून पाहिली. चिखल थोडा, शेवाळी कातळ लांबच लांब, घसारा शेवटी. ठरलं! चिखलात सायकल खांद्यावर घ्यायची. चिखलाचा टायर घरीच.

"पुढचे चाक घसरले तर माणूस पडतो," खटपट्या म्हणाला. "मागचे घसरले तर सायकल केवळ शेपूट हलवते." म्हणून सर्वात मऊ रबराचा, कडेला दणकट गाठी असलेला टायर पुढे बसवला. मागे बुटक्या, दाट गाठींचा.

हवा भरताना मावशीचा हात सवयीने पंपाकडे जात राहिला. "गावात कुणी बघितलं तर म्हणतील, कुंदाला टायर भरता येत नाही," ती पुटपुटली. पण अंगठा जरासा रुतेल एवढ्यावर थांबली. आणखी मऊ नको, असं खटपट्याने बजावलं, नाहीतर दगडावर आपटून चाकाची लोखंडी कड वाकते. मग त्याने विचारलं, "चिखल, शेवाळ, घसारा. हे तीन शब्द मी निसरडीच्या खाली नोंदवू की निसरडी पुसून टाकू?"

"पुसून टाक," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी निघाले. चिखलात सायकल खांद्यावर घेतली, खाचरातल्या बायका हसल्या, "अगं, सायकल तुला नेते की तू सायकलला?" कातळावर जीव मुठीत धरला होता. पण टायर दगडावरून थपथप आवाज करत, दगडाच्या उंचवट्यांना कवटाळत गेला. एकदा घसरला, लगेच सावरलाही. घसाऱ्यावर मागच्या चाकाने खूप शेपूट हलवलं. शेवटचा चढ मी धापा टाकत, अर्धा सायकल चालवत, अर्धा ती ढकलत पार केला. वर आले तेव्हा पूर्वेच्या निळ्या आकाशात अर्धा चंद्र भरदुपारी स्वच्छ दिसत होता.

केंद्र सांभाळणारे साळवीकाका दारातच उभे होते. "धाव! तुझीच पाळी."

पडद्यावर आई आली. बारीक झाली होती. मी "आई!" म्हणाले आणि ती नुसतीच बघत राहिली. माझा शब्द तिथे पोचायला सव्वा सेकंद, तिचा इथे यायला सव्वा. अडीच सेकंदांनी तिचा चेहरा उजळला.

"शलू! गुडघ्याला काय झालं?"

आणि मी वेडी! गुडघ्याचं सांगता सांगता शेवाळाचं सांगितलं, मग पिठातल्या ठशाचं, मग मऊ टायरचं. आई पुढे झुकून ऐकत होती. "आमच्या गाडीच्या चाकांत तर हवाच नाही," ती म्हणाली. "तारांची विणलेली चाकं आहेत. पण युक्ती तुझीच बघ. चाक दबतं, ठसा पसरतो, म्हणून धुळीत रुतत नाही. इथली धूळ इतकी बारीक आणि धारदार आहे की तिला काय म्हणावं तेच मला..."

कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकू लागला. वेळ संपत आली होती, आणि दोन वर्षं जे मनात होतं ते तर बोलायचं राहूनच गेलं होतं. मी ओरडले, "आई, परत कधी येशील? लवकर ये!"

पडदा काळा झाला.

मी साळवीकाकांकडे वळले. "पोचलं का? तिला ऐकू गेलं का?"

काकांनी मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. "तुझं वाक्य बंद व्हायच्या आधी थाळीतून बाहेर पडलं होतं, पोरी. एकदा निघालेली लहर मागे वळत नाही. इथे पडदा काळा झाला तेव्हा ती वाटेवर होती. आता पोचलीसुद्धा."

"मग तिने काय उत्तर दिलं?"

"ते यायच्या आधी आपला कान बंद झाला."

मी बाहेर येऊन कातळावर बसले. चंद्र हळूहळू वर चढत होता. त्याच्यावर कुठेतरी एक गाडी विणलेल्या चाकांवर त्या पलीकडच्या बाजूकडे निघाली असेल, तिच्यात माझा प्रश्न असेल आणि त्याचं उत्तरही. ते माझ्यापर्यंत यायला आता वाट नव्हती.

तो हिवाळा आणि उन्हाळा मी कसा काढला ते सांगत नाही. मोगरा फुलून संपला तेव्हा आईची तुकडी अलीकडच्या बाजूला आली. मनोरा दुरुस्त झाला होता. मावशीच्या घरात पडदा उजळला, आई दिसली, आणि मी काही बोलायच्या आत तिने एकच वाक्य म्हटलं.

"येते गं. कधीची सांगतेय, येते."

आता चंद्राच्या पाठीमागेही बोलणं पोचतं, आणि तुम्ही मुलं अडीच सेकंद उशीर झाला म्हणून कुरकुर करता. करा. उद्या तुमच्यातलं कुणी मंगळावर जाईल. तिथून उत्तर यायला कितीतरी मिनिटं लागतात. तेवढी वाट बघायला मी तयार आहे.