शेवाळातली वाट

दर सोमवारी सकाळी ती नावाड्याला घेऊन तलावाच्या तळाचं शेवाळ तपासायला जायची. प्रयोगशाळेत तिला सगळे ‘शेवाळबाई’ म्हणत. पाणी आज एक सांगतं, उद्या दुसरं. तळाच्या दगडाला धरून बसलेलं शेवाळ मात्र घडलेलं सगळं अंगावर वागवतं, असं तिचं म्हणणं.

याच तलावात गेल्या वर्षी तिचा धाकटा भाऊ गेला. पाणबुड्या होता. शहराला पाणी नेणाऱ्या पाइपाची जाळी साफ करायला उतरला तो वर आलाच नाही, मृतदेहही सापडला नाही. हवेची टाकी गळते हे त्याने दोनदा सांगितलं होतं. पाणीखात्याच्या साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘परवानगीशिवाय उतरला.’ त्या एका ओळीने तिच्या डोक्यात गेलेली तिडीक वर्षभर उतरली नव्हती. साहेब समोरून आले की तिचे दात आपोआप आवळले जात.

एका सोमवारी तिने पाइपापाशी दोरीने कॅमेरा सोडला. पडद्यावर जाड हिरवा थर दिसला, आणि त्यात मध्येच उघडा पडलेला दगड. वीतभराहून थोडा लांब डाग. ढांगभर पुढे दुसरा, मग तिसरा.

“पावलं आहेत, ताई,” नावाडी म्हणाला.

गोगलगायींनी शेवाळ खरवडून खाल्लं असेल, असं तिने सांगितलं आणि मापं लिहून घेतली. पुढच्या सोमवारी जुन्या डागांवर पोपटी लव धरली होती. ताजे डाग काठाच्या दिशेने बरेच पुढे गेले होते. गोगलगाय काही डावा-उजवा पाय टाकत नाही.

तिसऱ्या सोमवारी तिने कॅमेरा अगदी खाली नेला. डाव्या पावलाला चारच बोटं होती. लहानपणी दारात सापडून भावाच्या डाव्या पायाची करंगळी गेली होती.

तिला भीती वाटली नाही. संताप आला. हा खाली काळोखात चालतोय, आणि वर कागदावर बेशिस्त ठरून बसलाय!

तिने फोटो साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी खाली लाल शाईने ‘गोगलगायी’ असं लिहिलं.

“बाई, दुःखात माणसाला काहीही दिसतं.”

“मग तुम्ही येऊन बघा. तुम्हाला कुठे दुःख आहे?”

चार लोकांसमोर बोलली, म्हणून त्यांना यावं लागलं.

सोमवारी ऊन लख्ख होतं, वारा पडलेला. कॅमेरा खाली गेला. पावलांची रांग बरोबर नावेखाली येऊन थांबली होती. पुढे सगळं हिरवंगार, अभंग.

साहेबांनी नाव पुढे घ्यायला सांगितलं. नावाड्याने वीस-पंचवीस हात नेली. कॅमेरा पुन्हा सोडला.

रांग तिथवर आली होती. नावेखाली थांबली होती.

तिसऱ्यांदा साहेबांनी पडद्याकडे बघितलं नाही.

“मीच उतरवलं त्याला,” ते पाण्याकडे बघत म्हणाले. “टाकीचं माहीत होतं मला.”

हे ऐकून आपल्याला बरं वाटेल असं तिला वर्षभर वाटत आलं होतं. वाटलं नाही. उलट अंगाची लाही लाही झाली. एवढंच बोलायचं होतं, तर आई रोज दाराकडे डोळे लावून बसायची तेव्हा का नाही बोलले?

“लेखी द्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेली. साहेब दोन्ही पाय खुर्चीवर पोटाशी घेऊन बसले होते. त्यांनी न वाचताच सही केली. पेन हातातून निसटून टेबलाखाली गेलं, पण ते उचलायला हलले नाहीत.

तीच वाकली. खालची फरशी कोरडी ठणठणीत होती. तिच्यावर शेजारी शेजारी दोन हिरवे डाग उगवले होते, ओलसर, मखमलीसारखे. बोटं साहेबांकडे होती.

“बाई, जरा थांबता का?” साहेब हळूच म्हणाले.

तिने पेन टेबलावर ठेवलं, कागदाची घडी घातली, आणि बाहेर पडून दार नीट ओढून घेतलं.