केयूर कोणाचा

आमच्या सदर भागातल्या सिग्नलवर माझ्या डोक्यात ‘अ’ पडला.

चांगला तीन फुटांचा, निळा, चमकी लावलेला. पुढच्या स्कूटरवरून उडाला तो थेट माझ्या हेल्मेटवर. मागोमाग ‘द्वि’ आणि ‘क’ रस्त्यावर लोळले, आणि त्यांच्या मागे एक उंच मुलगा “लागलं का हो?” करत धावत आला. मी म्हटलं, लागलं. लागलं काहीच नव्हतं, फोमचं अक्षर ते. पण नाही म्हटलं असतं तर तो लगेच गेला असता ना…

बारशाला पाळण्यामागे बाळाच्या नावाची अक्षरं लावून देणं हा त्याचा धंदा. स्वतःचं नाव केयूर. अर्थ विचारला तर म्हणाला, दंडात घालायचा दागिना, बाजूबंद. अस्सल संस्कृत. आजोबांनी पोथीतून शोधून काढलं होतं, त्यामुळे शाळेत चार अश्विन होते आणि केयूर मात्र एकटाच.

“आणि तुमचं?”

“नूपुर.”

तो हसला. “म्हणजे तुम्ही पायात, मी दंडात. दोघं दागिनेच, पण भेट कधी व्हायची नाही.”

“सोनाराकडे होते की,” मी म्हटलं आणि गाडी ऑफिसच्या उलट्या दिशेला वळवली.

मग तीन महिने त्याचं दुकान हेच आमचं सोनाराचं दुकान. मी ऑफिस सुटलं की चहाला जायची आणि तो मला नावांचा बाजारभाव सांगायचा. रियांश उतरला, अद्विक तेजीत, आजोबा लोकांची नावं परत येऊन राहिली. सगळं गोड चाललं होतं. तेवढ्यात एक दिवस कळलं, की लोक त्याचं कार्ड वाचतात, अर्थ विचारतात आणि बाळाचं नाव तेच ठेवून टाकतात. जवळच्या मौदा गावात तीन केयूर झाले होते, पारशिवनीत एक. मौद्यातल्या एकाची आई तर फोनही करायची.

“तुले काहून फोन करते ते?”

“केयूरले दात आले, असं सांगत होती.”

“मग तू काय म्हटलं?”

“अभिनंदन म्हटलं. अजून काय म्हणू वं?”

त्या रात्री जेवण गेलं नाही. तिकडे मौद्यात एक बाई ‘माझा केयूर, माझा राजा’ म्हणून पटापट पाप्या घेत होती, आणि मी इकडे अजून ‘माझा’ या शब्दापर्यंतसुद्धा पोचले नव्हते. अर्धा जिल्हा माझ्या पुढे निघून गेला होता.

त्यातच दादाला मुलगा झाला. मी हुशारी केली. बारशाच्या सजावटीसाठी केयूरचं नाव सुचवलं. तो घरी येईल, आईला आवडेल, पुढचं मग आपोआप.

तो आला. आईनं तर्री पोहे दिले. गार्गी वहिनीनं नाव विचारलं, मग अर्थ विचारला, मग ते नाव चार वेळा तोंडात घोळवून पाहिलं, पेढा चाखावा तसं. भटजींनी अक्षर दिलं होतं ‘के’. केदार गल्लीत दोन. केतन हे दादाच्या साहेबांचं नाव. आणि केशव ठेवलं तर पोरगा काठी टेकतच चालायला शिकेल, असं वहिनीचं मत.

“ठरलं,” वहिनी म्हणाली. “केयूर.”

तो लाजला. अहो, लाजला! तीन महिन्यांत माझ्यासमोर एकदाही लाजला नव्हता.

आमच्या घरात एका नावाची दोन माणसं चालत नाहीत. आईनं मावशीच्या मुलीचं चांगलं स्थळ केवळ एवढ्यासाठी मोडायला लावलं होतं, की मुलाचं आणि तिच्या भावाचं नाव एक. पोराला रागावलं की जावयाला लागतं, असं तिचं म्हणणं. म्हणजे भाचा केयूर झाला, की जावई केयूर विसरायचा. आणि बाळाच्या कानात नाव सांगणार कोण? आत्या. म्हणजे मी. माझ्याच तोंडानं!

सव्वा महिन्याचं पोर, अजून मान धरत नव्हतं, आणि मी त्याच्यावर जळत होते. शेवटी फोन केला.

“अक्षरं कापू नको.”

“ऑर्डर आहे वं.”

“मग तुझं नाव बदल.”

“आधारवाल्यांची लाईन पाहिली का?” तो हसला, मग थांबला. “पण नूपुर… तुले इतकं काहून लागून राहिलं?”

आता हेही मीच सांगायचं? मी फोन कापला.

बारशाच्या दिवशी सकाळी पाळणा झेंडूनं सजला, पण भिंत रिकामीच. केयूर स्टुलावर उभा राहून सांगत होता, की डिंक संपला. दादा जाऊन घेऊन आला. केयूर म्हणाला, हा या रंगावर धरत नाही. दादा दुसरा घेऊन आला. तो म्हणे ओल्या भिंतीचा. तिसऱ्या खेपेला दादाची गाडी पंक्चर झाली, आणि मुहूर्त टळायला नको म्हणून अक्षरांशिवायच सुरुवात झाली.

“गोविंद घ्या, गोपाळ घ्या” करत बायकांनी बाळाला पाळण्याच्या वरून खालून फिरवलं. मी वाकले. पाठीमागे सहा बुक्के तयार होते; आत्यानं नाव उच्चारलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. मी “कुर्रर्र” केलं आणि हळूच स्टुलाकडे पाहिलं. तो छातीशी ‘र’ धरून, दहावीच्या निकालाला बसल्यासारखा माझ्याकडे बघत होता.

“केशव,” मी बाळाच्या कानात म्हटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, “केशव.”

बुक्के हवेतच राहिले.

वहिनीचा चेहरा पडला. आई म्हणाली, “आता कानात गेलं ते गेलं, आत्याचा मान आहे. पण काहून वं?”

“कारण केयूर मले पायजे,” मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच जणू. “घरात आणायचंच आहे ते नाव. पण पाळण्यातून नको, आई… दारातून येऊ दे.”

सगळ्यांच्या माना स्टुलाकडे वळल्या. अशा वेळी माणूस काहीतरी भारदस्त बोलतो. हा म्हणाला, “वहिनी, केशव सध्या लय तेजीत आहे. पुण्याकडे तर मोठमोठे लोक ठेवून राहिले.”

“खरंच?” वहिनी उजळली.

आणि मग सहाच्या सहा बुक्के माझ्या पाठीत बसले. सातवा आईचा, सगळ्यात जोराचा. “आधी सांगता येत नव्हतं?”

घुगऱ्या वाटताना मी स्टुलापाशी गेले. त्याच्या खिशातून डिंकाची नळी डोकावत होती. भरलेली, सील न तोडलेली.

“संपला होता ना?”

“तू बोलेपर्यंत संपलाच होता,” तो म्हणाला. मग कान लाल करून, “मीबी जळून राहिलो होतो. त्या पोरावर.”

लाजला. माझ्यासमोर, माझ्यामुळे. मी त्याच्या हातातला ‘र’ काढून घेतला.

“एक अट आहे. मौद्याचा फोन उचलायचा नाही.”

“दात आले तरी?”

“अक्कलदाढ आली तरी.”