आजाऱ्याच्या खोलीची घंटा

मामी थापा मारणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून ठेवते. भुताखेतांचा विषय निघाला की तीच आमची टर उडवायची. त्यामुळे हे ऐकून हसू आलं तर मला हसा, तिला नको.

हिवाळ्यातली गोष्ट. एका इस्टेटीवरचं मोठं जुनं घर, आता संग्रहालय झालेलं. थंडीत ते लोकांसाठी बंद ठेवतात आणि आत डागडुजी चालते. मामी तिथे धातूच्या जुन्या वस्तू जपायचं काम करायची. दिवे, कुलपं, चांदीची भांडी. मामा त्याच घरात सुतार. दोघं एका डब्यातून जेवायची आणि दिवसभर एकमेकांच्या कामाला नावं ठेवायची.

त्या वर्षी मामीकडे घंटा आल्या.

स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात, भिंतीवर उंच, एका लांब फळीवर पितळी घंटांची रांग होती. प्रत्येक घंटा स्प्रिंगवर बसवलेली, आणि तिची तार भिंतीतून वरच्या एकेका खोलीत गेलेली. खोलीत कुणी दोरी ओढली की इथे घंटा वाजायची. वाजून झाली तरी स्प्रिंग थोडा वेळ थरथरत राहायची, म्हणजे धावत आलेल्या नोकराला कळावं, बोलावणं कुठून आलंय. प्रत्येकीखाली खोलीचं नाव रंगवलेलं.

शेवटच्या घंटेखालचं नाव मात्र कुणीतरी रंगाने झाकलं होतं. मामीने कापसाच्या बोळ्याने वरचा थर हळूहळू उतरवला.

‘आजाऱ्याची खोली.’

“अहो, ही खोली कुठे आहे?” तिने मामाला विचारलं.

“कुठेच नाही. घराची ती बाजू पाडून कित्येक वर्षं झाली. बाहेर हिरवळ आहे ना, तिथे वरच्या मजल्यावर होती.” मामाने घंटेची तार दाखवली. भिंतीतून वीतभर बाहेर आलेली आणि तिथेच तुटलेली.

मामा रंधा उचलून आपल्या कामाला गेला. मामीने घंटेचा हिरवा कळंक काढला, मेणाचा हात फिरवला आणि शिडीवरून खाली उतरली.

आणि मग...

टिण.

तिने वर पाहिलं. शेवटची स्प्रिंग थरथरत होती.

दुसऱ्या दुपारी पुन्हा. मग रोजच. एकदाच वाजायची, अगदी हळू. कुणाला त्रास देताना संकोच वाटावा तशी.

“उंदीर असेल,” मामा म्हणाला.

“उंदीर घंटा वाजवतात होय?”

“संग्रहालयातले उंदीर आहेत. शिकलेले असतील.”

मामी हसली. तिनेही ते हसण्यावारी नेलं.

एका दुपारी तिचे दोन्ही हात मेणाने बरबटलेले होते. घंटा वाजली. घरी दारावर कुणी आलं की आपण ओरडतो ना, तशी ती सवयीने ओरडली,

“आले हो, आले!”

घंटा गप्प झाली. पलीकडचा रंध्याचा आवाजही थांबला.

मग...

घंटा अशी वाजायला लागली, की फळीवरची धूळ खाली गळू लागली.

मामा धावत आला. त्याच्या हातातला रंधा तसाच होता. आता त्याला उंदीर आठवला नाही.

त्यानंतर ती थांबेना. दिवस दिवस वाजायची. संग्रहालयाच्या मॅडम येऊन ऐकून गेल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “ती घंटा काढून ठेवा,” एवढंच म्हणाल्या.

मामाने घंटा काढली. फळीवर नुसती स्प्रिंग उरली.

ती थरथरतच राहिली... बिनआवाजाची.

मामीला ते बघवेना. “मी येते म्हणाले होते,” ती म्हणाली. दिवस मावळायला आला होता. ती तशीच उठून बाहेर हिरवळीवर गेली. मामा तिच्या मागे.

हिरवळ मोकळी होती. एक झाडसुद्धा नाही.

मग कुणीतरी खोकलं.

वरून.

रिकाम्या हवेतून... बरोबर वरच्या मजल्याच्या उंचीवरून.

“आलीस?” सुकलेल्या घशातला आवाज. बाईचा की पुरुषाचा, दोघांनाही सांगता येत नाही.

मामी मान वर करून उभी राहिली. जिना नव्हता. भिंत नव्हती. वर जायला वाटच नव्हती.

“शिडी आणा,” ती म्हणाली.

“अगं, वेड लागलंय का तुला?”

“अहो, कुणीतरी आजारी आहे वर.”

मामाने छताच्या कामाची उंच घोडाशिडी आणली. का आणली, ते त्याला आजही सांगता येत नाही. त्याने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. मामी अगदी वरपर्यंत चढली आणि तिने हवेत उजवा हात पुढे केला.

काहीच नाही.

आणि मग... तो हात कुणीतरी धरला.

मामीला वाटलं होतं, धरणारा हात गार असेल. तो तापाने फणफणलेला होता. काटकीसारखी बोटं. ओढलं नाही, खेचलं नाही. आजारी माणूस धरतं तसं नुसतं धरून ठेवलं.

“कुणी येतच नाही,” आवाज म्हणाला.

मामी तशीच उभी राहिली. अंधारून आलं. खालून मामा रडकुंडीला येऊन म्हणत होता, “उतर गं आता, पडशील.”

शेवटी तिने दुसऱ्या हाताने ती बोटं एकेक करून सोडवली.

“उद्या येते,” ती म्हणाली.



दुसऱ्या दिवशी ती शिडीवर चढली. त्यानंतरही रोज. हात पुढे करून उभी राहायची. हवा. नुसती हवा. स्प्रिंगही निश्चल झाली होती. मॅडमनी घंटा परत बसवून घेतली.

“थांबलं एकदाचं,” मामा म्हणाला.

“थांबलं नाही,” मामी म्हणाली. “हाक मारणं सोडलंय.”

तेव्हापासून मामीचा उजवा हात गरम आहे. मनगटाच्या खाली, तेवढाच. बाकी अंगात ताप नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कुणाला काही सापडलं नाही. त्या हातात बारीक हत्यार धरवेना म्हणून तिची नोकरी गेली. अजूनही ती झोपेत मूठ अर्धवट मिटते, मध्ये कुणाचा तरी हात असावा तशी.

परवा मी तिला भेटायला गेले. हात हातात घेतला. नेहमीसारखा भाजत नव्हता, कोमट होता.

“मामी, उतरतोय की गं ताप!” मी खूश होऊन म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. लहान मुलाकडे बघावं तसं.

“माझा ताप नाहीये तो, बाळा.”

मामा उठून बाहेर गेला.

काल मी फोन केला होता. मामी बोलायला आली नाही. मामा म्हणाला, तिची बोटं सकाळपासून गार पडत चालली आहेत. ती संग्रहालयाच्या त्या हिरवळीवर जाऊन बसली आहे आणि घरी यायला तयार नाही.

फोनवर त्याच्या पाठीमागे कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं. मी त्याला विचारलं नाही.