वाचनालयाची पूर्वेकडची भिंत

थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरांमागे शेकोटी पेटवली होती. बिजली गेलेली. उत्कर्ष आणि हर्षिता ही भावंडं शाली लपेटून बसली होती, आणि शेजारचे महिपतराव एक लाकूड आत सारून सांगू लागले. ही गोष्ट उडत ऐकलेली नाही, म्हणाले. ज्याच्यावर गुजरली त्यानेच मला सांगितली.

दाना ओली गल्लीत राहणारे विश्वासराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि शहराबाहेरच्या मिशनऱ्यांच्या विद्यापीठात पहारेकऱ्यांचे प्रमुख झाले. दोन हजार तेवीस साल. त्या एका वर्षात विद्यापीठ नुसतं फुगत गेलं. जिथे मोहरी डोलायची तिथे नर्सिंग कॉलेज उभं राहिलं, मोठं सभागृह झालं, मुलींचं चार मजली वसतिगृह आणि त्याच्या तळघरात वाचनालय. आठ डिसेंबरला, मदर मेरीच्या सणाला, सगळ्या इमारतींना आशीर्वाद द्यायचं रेक्टर फादरनी ठरवलेलं. तारीख हलणार नव्हती.

सात तारीख, गुरुवार. रात्रीचे सव्वानऊ. वसतिगृहाच्या सिस्टरनी विश्वासरावांना किल्ल्या दिल्या आणि वाचनालयाचे दिवे मालवून यायला सांगितलं. कोहरा, दाट धुकं, इतका की कंदिलाभोवती कापूस गुंडाळावा तसा दिव्यांचा उजेड. विश्वासराव मफलर आवळून निघाले.

तळघरात ठेकेदार परिहार एकटाच उभा होता. हातात हातोडी. पूर्वेकडच्या भिंतीवर माणसाएवढा ओला डाग उमटला होता. तीनदा रंग लावला, तीनदा वर आला, असं तो म्हणाला. रात्रीत गिलावा काढून नवा चढवायचा, सकाळी पाहुण्यांना दिसता कामा नये.

त्या भिंतीबद्दल विश्वासरावांना एक गोष्ट ठाऊक होती.

ऑगस्टमध्ये, ती दोन हात जाडीची भिंत ओतत असताना, हरलाल नावाचा मजूर वरच्या फळीवरून साच्यात पडला होता. आरडाओरडा ऐकून विश्वासराव धावत गेले. मशीन चालूच होतं. वरून काँक्रीट पडतच होतं. परिहारने मशीन थांबवू दिलं नाही. थांबलं तर भिंत वाया जाईल, काम बंद पडेल, फादर तुरुंगात जातील, असं त्याने बजावलं. बाकीच्या मजुरांना पहाटेच ट्रकमध्ये घालून दूर पाठवलं. दुसऱ्या दिवशी हरलालची बायको कुसुमा फाटकावर आली. विश्वासरावांनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "वो तो कल रात ही गाँव चला गया."

ती तीन दिवस फाटकासमोर बसून होती. मग उठून गेली.

"आजोबा, त्यांनी पुलिसला क्यों नहीं बताया?" हर्षिताने विचारलं.

महिपतरावांनी काठीने निखारे सारखे केले. "भ्याले," ते म्हणाले. "दोन लढाया पाहिलेला माणूस, पण भ्याला."

तर, परिहारने हातोडी मारली. गिलाव्याचा पोपडा पडला. दुसरी मारली.

आतून उत्तर आलं.

ठक.

परिहारने विश्वासरावांकडे पाहिलं. पाइप असेल, म्हणाला. गिलावा पडलेल्या जागी तळहात टेकवून त्याने कान लावला. आणि तसाच राहिला...

"सूबेदार साहब," तो हळूच म्हणाला. "हाथ नहीं छूट रहा."

बोटं भिंतीत गेली होती. काँक्रीटची, चार महिन्यांची पक्की भिंत. मग मनगट गेलं. मग कोपरापर्यंत. विश्वासरावांनी त्याच्या कमरेला मिठी मारून मागे ओढलं. आत हाड मोडल्याचा आवाज आला. एक. मग दुसरं. परिहार किंचाळला, आणि भिंतीने त्याला हिसडा देऊन तोंडावर आपटलं. परत ओढलं. परत आपटलं. दात फरशीवर सांडले. रक्त विश्वासरावांच्या मफलरवर उडालं. धोबी कपडा आपटतो तसा तो माणूस आपटला जात होता, आणि त्याच्यासोबत विश्वासरावही.

दिवे गेले.

अंधारात फक्त तो आवाज... ओला. परत. परत.

विश्वासरावांनी हात सोडले. गुडघ्यांवर बसले.

"हरलाल," ते म्हणाले. "मैंने झूठ बोला था. तेरी घरवाली से... मैंने झूठ बोला."

आवाज थांबला.

परिहार फरशीवर कोसळला.

तिसऱ्या दिवशी तो इस्पितळात मेला. हाताचा कोपरापर्यंत चुरा झाला होता; डॉक्टर म्हणाले, मशीनमध्ये सापडल्यासारखा. गिलावा निघालेल्या काँक्रीटवर साधा ओरखडा नव्हता.

विश्वासरावांनी त्या गुरुवारी रात्रीच फादरना उठवून सगळं सांगितलं. फादरनी स्वतः पोलिसांना फोन लावला. सकाळचा सोहळा रद्द झाला. भिंत फोडली. हरलाल आत उभाच होता, एक हात वर केलेला. कुसुमाला टीकमगडकडच्या तिच्या गावाहून आणलं. विश्वासराव तिच्यापुढे उभे राहिले, तिने मारलं तेवढा मार खाल्ला. पोलिसांपुढे जबाब दिला, नोकरी सोडली. हरलालला अग्नी दिला गेला. वर्षभराने ती भिंत पहिल्यापासून नव्याने ओतली, वाचनालय उघडलं.

"म्हणजे संपलं ना?" उत्कर्षने विचारलं.

"संपायला हवं होतं," महिपतराव म्हणाले.

ताजं काँक्रीट ओतलं की चार-सहा दिवस आतून तापतं, कोणताही गवंडी सांगेल. मग गार पडतं ते कायमचं. ही भिंत ओतून वर्ष उलटलं. मागच्या महिन्यात इंजिनिअर आला, त्याने भिंतीला हात लावला, आणि झटकन काढून खिशात घातला.

डिसेंबर-जानेवारीत बाहेर हाडं गोठतात तेव्हा वसतिगृहातल्या मुली पुस्तकं घेऊन त्याच भिंतीला पाठ टेकून बसतात. कशाला, म्हणून सिस्टरनी एकीला विचारलं.

ऊबदार आहे, ती म्हणाली. माणसाच्या अंगाइतकी.