ईरा नावाचा निळा

"झालं! पुन्हा तेच!"

उमानं टेबलावर हात आपटला, आणि प्लायवूडच्या पातळ पार्टिशनपलीकडे कुणाचा तरी चहा सांडला.

"अरे बाप रे—" पलीकडून आवाज आला. मग पार्टिशनवर एक डोकं उगवलं. चष्मा, विस्कटलेले केस, आणि पँटवर चहा सांडूनही हसणारे डोळे. "मॅडम, कम्प्युटर काही वाईट बोलला का तुमाले?"

"सॉरी..." उमा ओशाळली. "सकाळपासून एकच बोलून राह्यला. ऑप्शन क्लॅश."

२००७ सालचा नोव्हेंबर होता तो. बालाघाटच्या काली पुतळी चौकात दुलीचंदचं सायबर कॅफे होतं, आणि तिथं उमाचा प्रबंध अडकून पडला होता. ती कॉलेजात गणित शिकवायची, पाहुणी प्राध्यापक म्हणून. वैनगंगेच्या पुराचं गणित हा तिचा विषय. पुराची वर्षं तक्त्यात लाल, कोरडी वर्षं पिवळी. प्रबंध लिहीत होती ती लेटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथं पानावर काय हवं ते हुकमांनी सांगायचं, आणि रंग, चित्रं, तक्ते यांची तयार पॅकेजं बोलवायची. अख्ख्या गावात ते कुणाला येत नव्हतं.

म्हणजे, तिला तसं वाटत होतं.

तो उठून तिच्या केबिनच्या दारात आला. "पाहू का?"

"तुमाले येते हे?"

"थोडंसं. नागपूरले एम.एस्सी. केलं ना, तेव्हा गळ्यात पडलं." तो वाकून पडद्याकडं बघू लागला. त्याच्या शर्टाला चहाचा आणि उन्हात वाळल्या कपड्यांचा वास होता. "हे पहा. चित्रांच्या पॅकेजनं रंगाचं पॅकेज आधीच बोलावलं, साध्या अटीवर, म्हणजे ऑप्शनवर. मग तुमी तेच पुन्हा बोलावून राह्यल्या, तक्त्यांच्या अटीवर. एकाच पेंटरले दोघांनी बोलावलं. एक म्हणते चुना मार, एक म्हणते डिस्टेंपर. तो बिचारा काय करन?"

"मग?"

"मग जिची अट मोठी, तिनं आधी बोलवायचं." त्यानं तिची ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली. पडदा क्षणभर विचारात पडला... आणि लाल-पिवळा तक्ता उमटला. दोघंही एकदम हसली.

"नीळकंठ," तो म्हणाला. "कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो."

"उमा. तुमची पँट—"

"वाळन ते."

मग रोज संध्याकाळी तो पलीकडच्या केबिनमध्ये असायचाच. उमाची अडचण निघाली की म्हणायचा, "उद्या सांगतो," आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन यायचा. वीज गेली की दोघं बाहेर कट्ट्यावर बसून शेंगदाणे खायची. सोलताना तो चांगले दाणे तिच्याकडं सरकवायचा... आणि ती बघून न बघितल्यासारखं करायची. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, तेही कळलं नाही.

विद्यापीठाच्या नमुन्यात पानं बसवायला त्यानं तिला आपली जुनी फाइल दिली. मथळे सुंदर निळे दिसू लागले. तो रंग येतो कुठून म्हणून उमानं फाइल उघडून पाहिली. रंगाचं नाव होतं— ईरा.

आकाशी नाही, मोरपंखी नाही. ईरा.

"ईरा कोण?" तिनं अगदी सहज विचारलं. म्हणजे, सहज वाटावं अशा बेतानं.

नीळकंठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "होती एक... माह्यासंगं शिकत होती. तिनंच बनवली ही फाइल."

"अच्छा. आणि नाव?"

"तिनंच ठेवलं."

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्यानं नंबर पाहिला, आणि चेहरा उजळला. "हां ईरा, बोल!" म्हणत तो बाहेर गेला. काचेपलीकडं तो हातवारे करत होता, हसत होता, डोक्याला हात लावत होता. माह्यासंगं बोलताना असा हसते का हा? उमानं आठवून पाहिलं, आणि आठवेना तसं आतून काहीतरी चरचरत गेलं, ओल्या लाकडासारखं. आता तिच्या प्रबंधात, तिच्या नदीच्या डोक्यावर, प्रत्येक मथळ्यात ती ईरा बसली होती. निळीशार!

तो परत आला तेव्हा उमा पेन ड्राइव्ह काढत होती.

"काहून? इतक्यात चालली?"

"माह्या प्रबंधाले आता हात नको लावू. जिची फाइल हाय, तिलेच शिकव जा!"

"उमा... झालं काय पण?"

"काही नाही झालं. तुले काय वाटते, काही झालं पायजे होतं का?"

ती तरातरा निघून गेली. दोन दिवसांनी दुलीचंदनं सांगितलं, की सर धानाच्या मळणीसाठी रामपायलीला घरी गेले. उमा म्हणाली, "जाऊ दे ना मग!" आणि घरी जाऊन, भावाच्या एरवी हाती न लागणाऱ्या कम्प्युटरवर, त्या फाइलमधली ईराची ओळ खोडून टाकली. फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं चहा थंड होईपर्यंतसुद्धा टिकलं नाही. मथळे रंग मागत होते, आणि रंग कुठं होता? पानापानावर एकच तक्रार— ईरा नावाचा रंग सापडत नाही. ईरा, ईरा, ईरा! आधी एका ठिकाणी होती, आता सगळीकडं झाली. रागारागात उमानं रंगाचं पॅकेज पुन्हा खाली बोलावलं, तशी जुनी भांडणंही परतली. मूळ फाइलची दुसरी प्रत नव्हती. प्रबंध सोमवारी जबलपूरला पोचवायचा होता, मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली. नीळकंठला फोन करायचा तर कोणत्या तोंडानं?

फाइलच्या डोक्यावर बनवणारीचा नंबर होता. दात-ओठ खाऊन उमानं तो फिरवला.

"हॅलो, ईरा बोलतेय."

आवाज गोड होता. उमाला त्याचाही राग आला. "मी उमा. बालाघाटहून. तुमच्या फाइलमध्ये..."

"उमा? पुराच्या तक्त्यांवाली उमा?" पलीकडची एकदम ओरडली. "तुझ्या तक्त्यांनी माझी झोप उडवलीय गं!"

"तुमची?"

"मग काय! नीळकंठला कुठं येतंय लेटेक? रोज दुपारी फोन. उमाची रेघ तुटतेय, उमाचा पिवळा फार फिका येतोय. मी सांगणार, तो लिहून घेणार. त्यानं तुला सांगितलं नाही?"

उमाच्या हातातला फोन एकाएकी जड झाला. 'उद्या सांगतो...' ते हे होतं तर.

"मी तुमची रंगाची ओळ खोडली," ती पुटपुटली.

"चुकून?"

"...नाही."

पलीकडून खळखळून हसू. "बरं केलंस. तेव्हा मला स्वतःचं फारच कौतुक होतं. आता ऐक. माझ्या फाइलमध्ये पॅकेज बोलावलंय, ती ओळ काढ. तुझी तक्त्यांच्या अटीची ओळ सगळ्यात वर ने. आणि माझं नाव मथळ्यातनं काढून साधा निळा लाव. सगळीकडून काढ हं, एखादी ईरा राहिली तर पुन्हा छळेन."

प्रबंध उभा राहिला. सोमवारी उमानं तो जबलपूरला स्वतःच्या हातानं जमा केला, आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी रामपायलीची बस पकडली.

गावाबाहेरच्या खळ्यावर नीळकंठ डोक्याला गमछा बांधून धान वारवत होता. केसांत, भुवयांत, चष्म्यावर भुसा. तिला पाहून सूप हातातच राहिलं.

"तू? इथं?"

"जमा केला प्रबंध."

"पण तो तर... जुळला कसा?"

"ईराले फोन केलता."

तो चष्मा पुसू लागला, नको तितका वेळ. "मग तिनं सांगितलं असन, की मले काही येत नाही."

"काहून खोटं बोलला?"

"खरं सांगतलं असतं, तर तू सरळ तिलेच विचारलं असतं ना. मंग माह्यं काय काम उरलं असतं?"

हसू येत होतं, पण उमानं ते दाबलं. एक काटा अजून आत होता. "खरं सांग. आवडे का ती तुले?"

वाऱ्यावर भुसा तरंगत होता. नीळकंठनं नजर चुकवली नाही. "हौ. आवडे. विचारलंही होतं. तिनं नाही म्हटलं."

खोटं बोलला असता तर बरं, असं उमाला वाटलं. आणि खोटं बोलला नाही म्हणूनच तो तिला आवडला, हेही त्याच घडीला कळलं.

"अजून आवडते?"

"अजून फोन करतो. पण सगळे फोन एका दुसऱ्याच पोरीबद्दल असतात... तिले रागच लवकर येते."

"राग नव्हता तो," उमा म्हणाली. "जळून राह्यलती मी. आताही जळून राह्यली. तू तिच्यासंगं हसते ना... ते मले सहन होत नाही. काय करू?"

तो जवळ आला. "बोलणं बंद करू तिच्यासंगं?"

"नको. चांगली हाय ती," उमा नाइलाजानं म्हणाली. "पण माह्याबद्दल काही विचारायचं असन, तर तिले नाही. मले विचारायचं."

"काहीही?"

"काहीही."

त्यानं सूप खाली ठेवलं, हात गमछ्याला पुसले, आणि विचारलं.

"हौ," उमा म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आधीच.